होस्टाचा हट्ट सोडा, कॅलेडियमचे कंद आत्ताच फोडा

मे सरता सरता पुण्यात एखाददुसरा वळीव पडून गेला की सावलीतल्या कुंड्यांचं काम काढायचं. मृगाचा पाऊस धरायच्या आत कंद मातीत गेलेले बरे.

दरवर्षी या सुमारास लोक होस्टा या पानांच्या शोभेच्या झाडाबद्दल विचारतात. रुंद, घड्या पडलेली पानं आणि सावलीची आवड, मोह होणारच. मलाही झाला होता. पण होस्टा मूळचा चीन, जपान, कोरियाकडचा. हिवाळ्यात तो पानं टाकून मातीखाली निजतो आणि ती झोप पुरी व्हायला चार-पाच अंशांची थंडी कित्येक आठवडे लागते. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा दहा-अकरावर येतो आणि दुपारी पुन्हा चढतो. तेवढ्यानं त्याचं भागत नाही. माझ्या उत्तरेकडच्या बाल्कनीत पहिल्या वर्षी सात पानं आली, दुसऱ्या वर्षी तीन, तीही खुरटी. तिसऱ्या वर्षी कुंडी उकरली तर मुळांच्या जागी काळपट लगदा होता.

तरीही लावायचाच असेल, तर पांढऱ्या सुवासिक फुलांचा होस्टा प्लँटाजिनिया घ्या. त्यातल्या त्यात तोच उष्णता सोसतो. डिसेंबरात पाणी तोडा. पानं पिवळी पडली की गड्डा काढून किंचित ओलसर कोकोपीटमध्ये (नारळाच्या काथ्याच्या भुशात), भोकं पाडलेल्या पिशवीत, फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात सहा ते आठ आठवडे ठेवा. शेजारी सफरचंद किंवा केळी नकोत, पिकणाऱ्या फळांच्या वायूनं कोंब बिघडतात. बाहेर काढल्यावर टोकदार कोंब फुगले की गड्ड्याची वाटणी करा. प्रत्येक तुकड्याला निदान एक कोंब आणि थोडी मुळं हवीतच.

माझं मत विचाराल तर सावलीसाठी अळूच्या कुळातला, रंगीत पानांचा कॅलेडियम लावा. तोही परका, दक्षिण अमेरिकेतला, पण पावसात वाढायचं आणि कोरड्या दिवसांत निजायचं ही त्याची रीत पुण्याच्या हवेला बरोबर जुळते.

कंद हातात घेऊन नीट पाहा. मधोमध एक मोठा डोळा असतो, भोवती बारीक डोळे. मोठा डोळा सुरीच्या टोकानं खरवडून काढला की बाजूचे जागे होतात, पानं थोडी लहान येतात पण कुंडी भरून जाते. रोपं वाढवायची असतील तर प्रत्येक फोडीवर एक-दोन डोळे राखून कापा, कापलेल्या भागाला चुलीची राख किंवा बुरशीनाशक लावा आणि दोन दिवस सावलीत सुकू द्या. ओली फोड लावली तर हमखास कुजते. हातमोजे घाला, अळूसारखीच खाज सुटते.

नुसती काळी माती वापरू नका, पाणी धरून ठेवते. लाल माती, गांडूळखत आणि कोकोपीट सारखं घ्या, वर मूठभर निंबोळी पेंड. डोळा वर ठेवून दोन इंच खोल लावा. कोंब दिसेपर्यंत पाणी बेतानंच.

पाऊस लागला की शंखी गोगलगायी येतात, आणि कोवळं पान एका रात्रीत चाळणी होतं. संध्याकाळी ओलं गोणपाट पसरून ठेवा. सकाळी त्याखाली जमलेल्या गोगलगायी हातमोजे घालून वेचा आणि मिठाच्या पाण्यात टाका. घरात कुत्रं-मांजर असेल तर गोगलगायी मारायच्या मेटाल्डिहाइडच्या विषारी गोळ्या अजिबात टाकू नका.