देवणी आणि लाल कंधारी गाईंसाठी वळूची निवड : सुलभ वेत आणि दमदार गोऱ्हे

मराठवाड्यातील हाळी हंडरगुळीच्या बाजारात किंवा माळेगावच्या यात्रेत ज्या वळूभोवती गर्दी जमते, तो बहुधा सर्वांत उंच, भरदार मानेचा आणि मोठ्या वशिंडाचा असतो. बैलजोडीसाठी जनावर घेताना ही पारख उपयोगी पडते. पैदाशीसाठी वळू घेताना मात्र त्याचे आजचे अंग पाहून फारसे कळत नाही, कारण आपल्या गाईला विताना सोसावे लागणारे ओझे म्हणजे त्याच्यापासून होणाऱ्या वासराचे जन्मावेळचे वजन, आणि ते वळूच्या उंचीवरून ओळखता येत नाही. म्हणून वळूच्या मालकाला विचारायचा पहिला प्रश्न असा असावा : याची वासरे जन्मताना केवढी होती, आणि विताना किती गाई अडल्या, म्हणजे वासरू अडकून मदत लागली?

फ्रान्समधील लिमुझँ जातीचे उदाहरण येथे उद्बोधक आहे. ती मांसासाठी पाळली जाणारी तांबूस-सोनेरी जात असून भरपूर मांसल असूनही तिची वासरे जन्मताना तुलनेने हलकी व सडपातळ असतात आणि त्यांची वाढ जन्मानंतर झपाट्याने होते. याउलट बेल्जियन ब्लू या जातीच्या वासरांचे पुठ्ठे गर्भातच इतके भरतात की त्या जातीत गाईचे पोट फाडून वासरू काढणे ही नित्याची बाब झाली आहे. महाराष्ट्रात २०१५ पासून बैल व वळू यांच्याही कत्तलीस कायद्याने बंदी असल्याने मांसासाठी गोपैदास हा आपला विषय नाही. आपल्याला शेतकामाचे गोऱ्हे आणि दुधाची कालवड हवी असते. तरीही जन्मताना हलके आणि पुढे जलद वाढणारे वासरू हे ध्येय दोन्हीकडे एकच आहे.

आकड्यांत पाहिले तर गोष्ट स्पष्ट होते. लाल कंधारी या मराठवाड्यातील देशी जातीची गाय साधारण ३०० ते ३५० किलोची असते आणि तिचे शुद्ध जातीचे वासरू २० किलोच्या आसपास भरते, म्हणजे आईच्या वजनाच्या सहा-सात टक्के. होल्स्टीन या भरपूर दूध देणाऱ्या विदेशी जातीचे शुद्ध वासरू ४० किलोच्या आसपास असते. दुधाच्या आशेने लाल कंधारी कालवडीत होल्स्टीनचे रेत भरले, तर वासरू या दोहोंच्या मधल्या वजनाचे होते आणि पहिल्याच वेताला गाय अडण्याचा धोका वाढतो. जन्मताना गोऱ्हा हा कालवडीपेक्षा एक-दोन किलोने जड असतो, हेही ध्यानात ठेवावे. माझ्या मते पहिल्या वेतासाठी लिंगनिर्धारित रेताचा सर्वांत दुर्लक्षित फायदा हाच आहे, कारण त्यात सुमारे नव्वद टक्के वेळा कालवड होते. अर्थात ज्याला गोऱ्हेच हवे आहेत, त्याने ते वापरण्यात अर्थ नाही.

आता निवडीतील खरी गुंतागुंत. वेत सुलभ होण्याच्या बाबतीत वळूचे दोन वेगवेगळे गुण असतात : एक, त्याची वासरे सहज जन्मतात की नाही, आणि दुसरा, त्याच्या मुली पुढे स्वतः सहज वितात की नाही. हे दोन्ही गुण नेहमी एकत्र नांदत नाहीत. केवळ लहान वासरे देणारा वळू पिढ्यान्‌पिढ्या वापरत राहिल्यास त्याच्या मुलीही अंगाने लहान निघतात, त्यांच्या कमरेची हाडे अरुंद राहतात आणि ज्या अडचणीपासून आपण आईला वाचवले ती मुलीच्या वाट्याला येते. म्हणून गोठ्यात दोन गट करावेत. कालवडींना हलकी वासरे देणारा वळू दाखवावा. तिसऱ्या-चौथ्या वेताच्या, भरल्या अंगाच्या गाईंना त्याच जातीतील थोराड वळू दाखवावा, आणि पुढील पैदाशीसाठी कालवडी शक्यतो या दुसऱ्या गटातून ठेवाव्यात. ज्यांच्याकडे दोन-तीनच गाई आहेत, त्यांना हे कृत्रिम रेतनाने सहज साधते, कारण प्रत्येक गाईसाठी वेगळ्या वळूची रेतकांडी (गोठवलेल्या रेताची नळी) मागवता येते.

वळू समोर असेल तेव्हा आधी त्याच्या आईची चौकशी करावी. ती किती वेत व्याली, एकदाही अडली का, वार (जार) वेळेवर पडत होती का, आणि वासराला सोडून किती दूध उरत होते, हे गावात विचारल्यास कळते. गोऱ्ह्याची पहिल्या चार-पाच महिन्यांतील वाढ मुख्यतः आईच्या दुधावर अवलंबून असते. त्यामुळे चांगले गोऱ्हे हवे असणाऱ्यानेही दुधाकडे पाठ फिरवू नये. त्यानंतर वळूला चालवून पाहावे. खांदे रुंद व बोजड नसावेत, कारण डोके बाहेर आल्यावर वासरू बहुधा खांद्याशीच अडकते. पाठ लांब असावी, पुठ्ठे रुंद असावेत पण गोटीसारखे फुगलेले नसावेत आणि माकडहाडाकडे किंचित उतार असावा. खूर काळे, घट्ट आणि जुळलेले असावेत. दोन्ही वृषणे सारख्या आकाराची, घट्ट, गाठीविरहित असावीत. स्वभाव मारका असेल तर बाकी सर्व उत्तम असले तरी वळू सोडून द्यावा, कारण त्याचे गोऱ्हे उद्या तिफणीला जुंपायचे आहेत.

जातीची खूणही तपासावी. लाल कंधारी एकसारखा लाल असतो व नराचा रंग मादीपेक्षा गडद असतो. देवणी या मराठवाड्यातीलच दुसऱ्या देशी जातीत वानेरा, बालंक्या आणि शेवेरा असे तीन रंगप्रकार मानले जातात. वानेऱ्याचे अंग पांढरे व तोंडाच्या बाजू काळ्या असतात, बालंक्या पांढरा असून त्याच्या अंगाच्या खालच्या भागात काळे ठिपके असतात, तर शेवेऱ्याच्या पांढऱ्या अंगावर वेडेवाकडे काळे ठिपके असतात. रंगावरून भांडण्यात बाजारात फार वेळ जातो. पैदाशीच्या दृष्टीने मला तो दुय्यम वाटतो.

गावाच्या सामाईक वळूची ब्रुसेल्लोसिस (गर्भपात घडवणारा संसर्गजन्य रोग) आणि क्षयासाठी तपासणी झाली नसेल, तर त्याला गाय दाखवू नये. गर्भपात घडवणारे काही रोग नैसर्गिक रेतनातून एका गाईकडून दुसरीकडे जातात आणि वळू स्वतः मात्र ठणठणीत दिसतो. असा वळू तीन वर्षांनी बदलावा, कारण तोवर त्याच्याच मुली माजावर येऊ लागतात. शेजारच्या गावाशी अदलाबदल हा सर्वांत स्वस्त उपाय आहे. कृत्रिम रेतन करताना कांडीवरील वळूचा क्रमांक व जात स्वतः वाचून गाईच्या कानातील बारा अंकी बिल्ल्यासोबत वहीत लिहावी. रेत उणे १९६ अंश सेल्सिअस तापमानाच्या द्रव नायट्रोजनमधून काढल्यावर ३७ अंशांच्या पाण्यात सुमारे अर्धा मिनिट ठेवूनच भरले जाते की नाही, याकडेही लक्ष द्यावे.

वळू कितीही चांगला असला तरी अपुऱ्या वाढीची कालवड अडणारच. प्रौढ गाईच्या वजनाच्या दोन-तृतीयांश वजन, म्हणजे लाल कंधारीसाठी सुमारे २०० ते २३० किलो, होईपर्यंत तिला फळवू (गाभण करू) नये. वयापेक्षा वजन पाहावे. मराठवाड्यात हंगामाचाही विचार करावा लागतो. पावसाळ्याच्या प्रारंभी फळलेली गाय सुमारे २८५ दिवसांनी, ऐन चैत्र-वैशाखाच्या उन्हात आणि चाराटंचाईत विते. ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये फळलेली गाय जुलै ते सप्टेंबरमध्ये, हिरवा चारा असताना विते, आणि वासराला दूध पुरते. वासरू मोठे होईल या भीतीने शेवटच्या दोन महिन्यांत गाईचा चारा तोडण्याची पद्धत चुकीची आहे. त्याने वासराचा आकार फारसा घटत नाही, पण कळा द्यायला गाईच्या अंगात बळ उरत नाही. अति चरबीही वाट अरुंद करते, म्हणून कडब्यासोबत थोडी ढेप (पेंड) आणि क्षार मिश्रण पुरेसे आहे.

विताना पाणपिशवी दिसल्यानंतर पुढचे दोन पाय व त्यांवर टेकलेले नाक दिसले, तर ओढाओढ करू नये. दोन तासांत वासरू बाहेर आले नाही, किंवा एकच पाय अथवा शेपूट दिसली, तर पशुवैद्यकाला बोलवावे. वासरू कोरडे झाल्यावर, चीक पाजण्यापूर्वी, त्याला उचलून आपण वजनकाट्यावर उभे राहावे आणि नंतर आपले वजन वजा करावे. जन्मतारीख, वजन, वळूचा क्रमांक आणि गाय आपोआप व्याली की मदत लागली, एवढ्या चार गोष्टी एका ओळीत लिहाव्यात. एका वळूच्या आठ-दहा वासरांच्या अशा ओळी गावातल्या चार गोठ्यांतून गोळा झाल्या, की पुढच्या माजाला तो वळू कोणत्या गाईला दाखवायचा हे त्या वहीवरून ठरवता येते.