तेर्सैरा बेटावरचे कोळी निवडताना

अझोर्समध्ये कीटक-कोळ्यांवर काम करायचंय म्हणून विचारणारे बहुतेक जण जंगलाबद्दलच विचारतात. जंगलातले दिवस थोडे असतात हो. महिने जातात ते सूक्ष्मदर्शकाला डोळे लावून.

पोर्तुगालच्या या ९ बेटांवर पंधराव्या शतकात वस्ती सुरू झाली आणि मूळ जंगल कुरणांत नि जपानी देवदाराच्या लागवडीत गेलं. ५ टक्क्यांहूनही कमी उरलंय, त्यातला चांगला वाटा तेर्सैरावर. डोळ्यांसमोर आपलं ताम्हिणी आणू नका. इथले लॉरेल आणि जुनिपर बुटके, वेडेवाकडे, शेवाळाने लगडलेले. बऱ्याच ठिकाणी वाकूनच चालावं लागतं.

पद्धत ठरलेली आहे. १५० मीटरची रेघ आखायची, दर ५ मीटरवर एक असे ३० प्लास्टिकचे पेले किडे आत पडावेत म्हणून काठ जमिनीच्या पातळीत येईल असे पुरायचे, पाऊस शिरू नये म्हणून तारांवर थाळी उपडी घालायची आणि दोन आठवड्यांनी उचलायचे. मग फांदीखाली कापड ताणून वर काठीने झोडपायचं. पहिल्या फटक्याला पडतं ते पाणी, तेही थेट बाहीत. किडे नंतर. २०१२पासून तंबूसारखे सापळेही लावलेत. त्यांच्या बाटल्या दर तीन महिन्यांनी बदलतात.

आता माझी फजिती. पहिल्या रेघेच्या चिठ्ठ्या मी बॉलपेनने लिहिल्या आणि कुप्यांत टाकल्या. आठवड्याने पाहतो तर अल्कोहोल निळसर आणि सहा चिठ्ठ्या कोऱ्या! आतले भुंगे धडधाकट होते, पण ते कुठले, कधीचे, हे कोण सांगणार? सहाही कुप्या बाद. चिठ्ठी पेन्सिलीने लिहायची, कुपीच्या आतच टाकायची, आणि तीही जंगलातच. ‘संध्याकाळी लिहू’ म्हणालात की संपलं.

निवडताना प्रत्येक वेगळ्या दिसणाऱ्या किड्याला तात्पुरता क्रमांक द्यायचा, नाव तज्ज्ञ देतात. नवखे इथे कोळ्यांत हमखास फसतात. नर काटकुळा, मादी गरगरीत, म्हणून एकाच जातीचे दोन क्रमांक होतात. मी तर एका जातीचे तीन केले होते. पिल्लं निराळाच गोंधळ घालतात, कारण कोळ्याची जात पक्की होते ती प्रौढ नराचे स्पर्शपाद (तोंडाजवळचे छोट्या पायांसारखे अवयव) आणि मादीचं जननांग पाहून. ‘गिब्बारानेआ ऑक्सिडेन्टालिस’ हा फक्त अझोर्समध्ये सापडणारा, पाठीवर उंचवटे असलेला कोळी मात्र लवकर ओळखू येतो. तो पहिल्यांदा कापडावर पडला तेव्हा पाय आखडून असा निपचित राहिला की वाळकी कळी समजून मी फुंकर मारणारच होतो.

सुट्टीच्या दिवशी आंग्रा शहरात हिंडा. हिंदुस्थानातून परतताना वास्को द गामाचा भाऊ पावलो १४९९मध्ये इथेच वारला.

आणि निघण्याआधी घरच्या बागेत चार पेले पुरून पाहा. किमान शंभर मुंग्या चिमट्याने पाय न मोडता उचलता आल्या की तिकीट काढा.