कोरियन मालिकेतील मायलेकींचे भांडण कसे पाहावे

आई आणि तिच्या मोठ्या झालेल्या मुली यांच्यातील संघर्षावर उभ्या असलेल्या कोरियन कौटुंबिक मालिका पहिल्या काही भागांत आरडाओरड्याच्या वाटतात आणि अनेक प्रेक्षक त्या तिथेच सोडून देतात. त्या नीट पाहायच्या असतील, तर कोण काय बोलले यापेक्षा त्या घरात कोणाचे काम कोण करत आहे, याकडे लक्ष ठेवावे लागते. उदाहरणासाठी केबीएस २ वाहिनीवर मार्च ते सप्टेंबर २०१९ या काळात दाखवली गेलेली ‘मदर ऑफ माइन’ ही मालिका घेऊ.

भागांच्या आकड्याला घाबरू नये. या मालिकेचे १०८ भाग असले, तरी प्रत्येक भाग साधारण ३५ मिनिटांचाच आहे. त्या काळी दक्षिण कोरियातील केबीएससारख्या वाहिन्यांना कार्यक्रमाच्या मध्येच जाहिराती दाखवण्याची मुभा नव्हती (ती जुलै २०२१ मध्ये मिळाली), त्यामुळे एका संध्याकाळच्या भागाचे दोन तुकडे करून त्यांच्यामध्ये जाहिराती बसवण्याची युक्ती काढण्यात आली होती. म्हणून एका बैठकीत दोन भाग जोडीने पाहावेत. एकच पाहून उठल्यास प्रसंग अर्ध्यावर तुटतो. शनिवार-रविवारी रात्री आठच्या सुमारास घरातील सर्व पिढ्या एकत्र बसतील, अधूनमधून उठतीलही, हे धरून या मालिका लिहिल्या जातात आणि साहजिकच त्यांत पुनरुक्ती पुष्कळ असते. तेवढा भाग पुढे सरकवायला हरकत नाही, परंतु स्वयंपाकघरातील दृश्ये मात्र गाळू नयेत.

पात्रांची नाती सुरुवातीलाच कागदावर लिहून ठेवावीत. पार्क सन-जा (अभिनेत्री किम हे-सुक) सोल्लोंगथांगचे, म्हणजे गुरांची हाडे तासन्‌तास उकळून केलेल्या पांढरट सूपचे, छोटे खानावळवजा दुकान चालवते. तिच्या मुली तीन : बँकेत नोकरी करणारी मी-सन, मोठ्या कंपनीत वरच्या पदावर असलेली मी-री आणि लेखन अडल्यामुळे घरीच बसलेली धाकटी मी-ह्ये. मुलींचे आडनाव कांग आहे आणि आईचे पार्क. कोरियात विवाहानंतर स्त्रीचे आडनाव बदलत नाही आणि मुले सहसा वडिलांचे आडनाव लावतात, त्यामुळे या फरकात कोणतेही गुपित शोधू नये.

सर्वाधिक वेळ द्यावा तो थोरल्या मी-सनच्या कथानकाला, कारण माझ्या मते मालिकेचा खरा गाभा तिथेच आहे. सन-जा स्वतःची खानावळ सांभाळून मुलीच्या घरी जाते, नातीला सांभाळते, तिथला पसारा आवरते. आणि दमलेली मुलगी नोकरीवरून परतली की आभार मानण्याऐवजी तिच्यावरच चिडते. इथे मुलीला कृतघ्न ठरवून मोकळे होण्याचा मोह होतो. तसे न करता भांडणाच्या आधीचे दृश्य पुन्हा पाहावे. सासूचा टोमणा, नवऱ्याचा निष्काळजीपणा किंवा कामावरचा ताण, यांपैकी काहीतरी तिथे घडलेले असते आणि जिथे राग काढायचा तिथे तो काढता न आल्याने तो आईवर निघतो, कारण आई नाते तोडणार नाही याची मुलीला खात्री असते. विहीणबाईंचे पात्रही याच नजरेने पाहावे : त्यांना नात हवी आहे, पण नातीचे करायला नको आहे, आणि हे त्या उघडपणे सांगतात ही त्यांची एक प्रकारची प्रामाणिकताच आहे. मालिका प्रदर्शित झाली तेव्हा कोरियन कायदा आई आणि वडील दोघांनाही प्रत्येकी एक वर्षापर्यंत बालसंगोपन रजा देत होता. तरीही पडद्यावर बराच काळ ‘मूल आजीने सांभाळायचे की आईने’ एवढाच प्रश्न चालतो, आणि जावई त्या प्रश्नाबाहेर निवांत असतो.

सन-जाच्या पिढीचा राग समजून घेण्यासाठी एक संदर्भ उपयोगी पडतो. कोरियात १ जानेवारी २००८ पर्यंत कुटुंबाची नोंद कुटुंबप्रमुखाच्या नावाने होत असे. ते प्रमुखपद मुलाकडे आधी जाई आणि लग्न झालेल्या मुलीचे नाव माहेरच्या नोंदीतून निघून सासरच्या नोंदीत जाई. २००५ मध्ये घटनात्मक न्यायालयाने ही पद्धत घटनेशी विसंगत ठरवल्यानंतर ती रद्द झाली. सन-जासारख्या स्त्रियांचे अर्ध्याहून अधिक आयुष्य या नियमाखाली गेले आहे. कागदावर परकी झालेली मुलगी अडचण आली की माहेरीच येते आणि त्या मदतीचा हिशेब कुठेच मांडला जात नाही, हे ध्यानात ठेवले की सन-जाचे ओरडणे वेगळे ऐकू येते.

उपशीर्षकांवर पूर्ण भिस्त ठेवू नये. मुली आईशी एरवी सलगीच्या, बिनआदरार्थी कोरियनमध्ये बोलतात, पण संबंध ताणले गेले की कोणत्याही कोरियन घरात त्याच तोंडी अचानक आदरार्थी रूपे येऊ शकतात. हा बदल भाषांतरात बहुधा हरवतो. वाक्याच्या शेवटी ‘यो’ हा आदरदर्शक प्रत्यय ऐकू येतो का, एवढे कानाने टिपले तरी पुरते.

मी-रीच्या जन्माचे रहस्य हा शनिवार-रविवारच्या मालिकांचा ठरलेला मसाला आहे. उद्योगसमूहातील कारस्थानांसह तो इथेही भरपूर आहे आणि त्यावर फार डोके शिणवण्याचे कारण नाही.

एवढा लांब पल्ला नको असेल, तर टीव्हीएन वाहिनीवरील २०१६ सालची ‘डिअर माय फ्रेंड्स’ ही १६ भागांची मालिका आधी घ्यावी. तिच्यात भाषांतरकार मुलगी आणि खानावळ चालवणारी आई यांच्यातील ओढाताण अधिक संयमाने, पण अधिक बोचरेपणाने येते. बालपणीचा एक प्रसंग तर इतका कठोर आहे की लहान मुलांसोबत ती पाहू नये.