कवडसा टिपण्याआधीची तयारी

खिडकीतून खोलीत उतरलेला उन्हाचा झोत आपल्याला दिसतो, तो त्याच्या वाटेत तरंगणाऱ्या धूलिकणांमुळे, धुरामुळे किंवा बाष्पामुळे. हे कण प्रकाश विखुरतात आणि त्यातला थोडा भाग आपल्या डोळ्यांपर्यंत येतो. हवा अगदी स्वच्छ असेल, तर जमिनीवर कवडसा पडेल, पण किरण दिसणार नाहीत. म्हणून तयारीची सुरुवात कॅमेऱ्यापासून न करता हवेपासून करावी. नुकतीच झाडलेली खोली, उकळत्या पाण्याची वाफ, झटकलेली चादर किंवा पहाटेचे धुके यांपैकी काय हाताशी आहे, ते आधी पाहून ठेवावे. चादर झटकायची असल्यास लेन्स त्यापूर्वीच बसवलेली असावी, कारण उडत्या धुळीत लेन्स बदलणे म्हणजे सेन्सरवर (कॅमेऱ्यातल्या प्रकाश टिपणाऱ्या भागावर) डाग ओढवून घेणे होय.

त्यानंतर वेळ निश्चित करावी, आणि ती अंदाजाने नव्हे. सूर्य आकाशात तासाला सुमारे १५ अंश सरकतो, म्हणजे स्वतःच्या रुंदीएवढे अंतर तो साधारण दोन मिनिटांत कापतो, त्यामुळे टेबलावरच्या पेल्यावर नेमकी पडलेली तिरीप तुम्ही ट्रायपॉड उघडेपर्यंत पुढे गेलेली असते. आदल्या दिवशी त्याच जागी बसून कवडसा कोणत्या वेळी कुठे पोहोचतो, याची नोंद करावी. ही नोंद काही दिवसच उपयोगी पडते. माध्यान्हीच्या सूर्याची जागा वर्षभरात उत्तर-दक्षिण दिशेने सुमारे ४७ अंशांनी बदलत असल्याने, हिवाळ्यात खोलीच्या आतल्या भिंतीपर्यंत येणारे ऊन उन्हाळ्यात उंबऱ्यावरच थांबू शकते.

जागेची निवड करताना मागची बाजू काळोखी आहे ना, हे पाहावे. माझ्या मते निम्मी छायाचित्रे इथेच फसतात, कारण पांढऱ्या भिंतीसमोर उत्तम झोतही विरून जातो. खोलीतले दिवे बंद करावेत, इतर खिडक्यांचे पडदे ओढावेत आणि सूर्य पाठीशी न घेता शक्य तितके प्रकाशाच्या दिशेने तोंड करावे, कारण धुके आणि धूळ प्रकाश पुढच्या दिशेलाच अधिक विखुरतात. सूर्य मात्र खांबाआड किंवा फांदीआड ठेवावा. ऑप्टिकल व्ह्यूफाइंडरमधून (कॅमेऱ्याला डोळा लावून पाहायच्या काचेच्या झरोक्यातून) थेट सूर्याकडे पाहू नये, विशेषतः टेलिफोटो (दूरचे जवळ दाखवणारी) लेन्स लावलेली असताना. त्याने दृष्टीला कायमची इजा होऊ शकते.

कॅमेऱ्याची तयारी त्यामानाने थोडी आहे. लेन्स मऊ कापडाने पुसावी, कारण समोरून येणारा प्रकाश बोटाचा साधा ठसाही धुरकट डागासारखा उमटवतो. रॉ फाइल (सेन्सरने टिपलेली, प्रक्रिया न केलेली फाइल) निवडावी, व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगछटेचा समतोल, ‘डेलाइट’वर स्थिर ठेवावा (‘ऑटो’वर ठेवल्यास सकाळचा सोनेरीपणा कॅमेरा परस्पर पुसून टाकण्याची शक्यता असते) आणि एक्स्पोजर, म्हणजे छायाचित्रासाठी घेतलेला प्रकाश, एक ते दोन स्टॉप कमी करावे (एक स्टॉप कमी म्हणजे प्रकाश निम्मा). मोबाइल असेल, तर पडद्यावर उजळ भागाला स्पर्श करून एक्स्पोजर लॉक करावे.

सूर्याची चांदणी, म्हणजे त्याच्याभोवती ताऱ्यासारख्या किरणशलाका, हवी असल्यास लेन्सचे छिद्र लहान करून एफ/१६ च्या आसपास जावे; छिद्राची पाती सम असतील तर तितक्याच किरणशलाका येतात, विषम असतील तर दुप्पट. हा प्रकार मी क्वचितच वापरतो, कारण तो मूळ विषयावरून लक्ष उडवतो. झाडाखाली उभे असाल, तर वर पाहण्याआधी जमिनीकडे पाहावे: पानांमधल्या बारीक फटींतून पडणारे गोल ठिपके या सूर्याच्याच प्रतिमा असतात, आणि फटीचा आकार वेडावाकडा असला तरी ठिपका बहुधा गोलच पडतो.

पहिले छायाचित्र काढताच ते मोठे करून उजळ भाग तपासावा. तिथे तपशील उरला नसेल, तर कवडसा जागेवर आहे तोवरच एक्स्पोजर आणखी खाली आणावे.