रॉक गिटारवादकाचा शांत अल्बम कसा शोधावा, कसा ऐकावा

अ‍ॅपमध्ये गिटारवादकाचं नाव टाकलं की आधी त्याची गाजलेली गाणीच पुढे येतात. शब्दांविना, संथ वाजवलेला अल्बम त्या यादीत सहसा नसतो. म्हणून थेट संपूर्ण डिस्कोग्राफी, म्हणजे त्याच्या सगळ्या अल्बमची यादी, उघडा आणि ट्रॅकची लांबी बघा. मोजकेच ट्रॅक, त्यातला एखादा पंधरा-वीस मिनिटांचा, ही चांगली खूण. नुसतं 'इन्स्ट्रुमेंटल' शोधू नका, कराओकेचे ट्रॅक गळ्यात पडतात.

जोडीनं केलेले अल्बम हमखास निसटतात. किंग क्रिमसन या रॉक बँडचा गिटारवादक रॉबर्ट फ्रिपनं संगीतकार ब्रायन ईनोबरोबर १९७३ साली केलेला 'नो पुसीफूटिंग' बँडच्या पानावर मिळत नाही, दोघांची नावं एकत्र टाकावी लागतात. 'द पोलीस' या रॉक बँडचा गिटारवादक अँडी समर्सनं फ्रिपबरोबर केलेल्या 'आय अ‍ॅडव्हान्स मास्क्ड'चं (१९८२) तेच. डिस्कॉग्ज या अल्बमच्या नोंदी ठेवणाऱ्या वेबसाइटवर वादकाच्या पानावरची क्रेडिट्स (तो कुठल्या अल्बमवर वाजला याची यादी) चाळली की अशी कामं सापडतात.

सुरुवात 'नो पुसीफूटिंग'नंच करा. मूळ अल्बममध्ये दोनच ट्रॅक आहेत. २००८च्या आवृत्तीत तेच उलटे आणि एक अर्ध्या वेगानं वाजवलेलाही आहे, ते नंतर. शफल (ट्रॅकचा क्रम बदलणारी सोय) आणि क्रॉसफेड (दोन ट्रॅक एकमेकांत मिसळणारी सोय) बंद ठेवा, नाहीतर विरत जाणाऱ्या शेवटच्या सुरावर पुढचा ट्रॅक चढतो. फोनमध्ये मोनो ऑडिओ चालू राहिला असेल तर डावा-उजवा फरक पुसला जातो, तेही तपासा. आवाज किती मोठा ठेवायचा ते सुरुवातीच्या एकट्या सुरावर ठरवू नका. पुढे थरावर थर चढतात आणि डिस्टॉर्शन, म्हणजे गिटारचा मुद्दाम खरखरीत केलेला सूर, कानाला बोचतं. ट्रॅकच्या मध्यावर जाऊन आवाज ठरवा, मग पहिल्यापासून लावा.

या अल्बममध्ये दोन टेप रेकॉर्डरमधून एकच टेप फिरते. पहिला सूर टिपतो, दुसरा तो वाजवून परत पहिल्याकडे पाठवतो. टेप सेकंदाला १९ सेंमी धावत असेल आणि यंत्रांत एक मीटर अंतर असेल, तर सूर सुमारे सव्वापाच सेकंदांनी परततो. हे कानानं पकडता येतं: एक ठळक सूर हेरा आणि तो परत यायची वाट बघा. दर फेरीला तो थोडा बोथट होतो, आणि त्यावर नवा सूर बसतो. हा खेळ एकदा कळला की 'यात काही घडतच नाही' ही तक्रार उरत नाही, आणि खरी मजा तिथून सुरू होते.

तरीही जड गेलं तर कॉक्टू ट्विन्स या बँडचा गिटारवादक रॉबिन गथ्रीचा 'कॉन्टिनेंटल' (२००६) लावा. त्यातले ट्रॅक छोटे आहेत आणि चाल लगेच हाती लागते.