फाइल मुळात कुणाची हे शोधताना या चुका टाळा

चवथ, म्हणजे गोव्यातली गणेश चतुर्थी, जवळ आली की घुमटाच्या (मातीच्या घटासारख्या तालवाद्याच्या) साथीने म्हणायच्या आरत्यांच्या पीडीएफ फोनाफोनांतून फिरू लागतात. मग कुठे एक कडवे गाळलेले सापडते, कुठे संकलकाचे नाव उडालेले असते, आणि ‘ही फाइल केली कुणी?’ असा शोध सुरू होतो. तो घ्यायलाच हवा. आयुष्यभर वहीत आरत्या उतरवून ठेवणाऱ्याचे नाव गळावे, हे वाईटच. पण शोधायची रीत बहुतेकांची चुकते.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये, म्हणजे फाइलची माहिती दाखवणाऱ्या खिडकीत, ‘ऑथर’पुढे दिसलेले नाव घेऊन माणसाला धारेवर धरणे. फोंड्याकडच्या आमच्या मंडळात हेच झाले. वर्ड फाइलमध्ये ऑथर म्हणून शामेळ (घुमटाच्या साथीचे तालवाद्य) वाजवणाऱ्या एका पोराचे नाव निघाले. ग्रुपवर स्क्रीनशॉट पडला, ‘बुवांचे नाव यानेच काढले’ (आरत्यांचे संकलन बुवांचे) म्हणून दोघे-तिघे तुटून पडले आणि पोराने सरावाला येणे सोडले. मी फाइल मागवून घेतली. त्याच खिडकीत ‘टायटल’पुढे लिहिले होते: बायोडाटा. कुणी ते वाचलेच नव्हते! पोराने आपला बायोडाटा शेजारच्या काकांना नमुना म्हणून दिला होता. काकांनी आतला मजकूर पुसून त्यातच आरत्या टाइप केल्या. मजकूर गेला तरी ऑथर तसाच राहतो. आणि बुवांचे नाव? काकांकडच्या झेरॉक्सला पहिले पानच नव्हते.

‘लास्ट मॉडिफाइड बाय’वरही विसंबू नका. शेवटचे सेव्ह ज्या कॉम्प्युटरवर झाले, तिथल्या मायक्रोसॉफ्ट ऑफिसमध्ये भरलेले नाव तिथे येते. डीटीपीवाल्याकडे सेव्ह केले तर दुकानाचे.

दुसरी चूक: फाइल उघडायची, एक-दोन शब्द दुरुस्त करायचे, सेव्ह करायचे आणि मग शोधायला बसायचे. तोवर खुणा पुसलेल्या असतात. मी आधी एक प्रत वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवतो आणि तिला हात लावत नाही.

तारखांचेही तसेच. विंडोजमध्ये फाइल कॉपी केली की ‘क्रिएटेड’ तारीख कॉपीची होते, ‘मॉडिफाइड’ जुनीच राहते. क्रिएटेड मॉडिफाइडच्या नंतरची दिसली तर समोर आहे ती बहुधा नक्कल.

व्हॉट्सॲपवरून फोटो म्हणून आलेल्या चित्रात कॅमेऱ्याची माहिती शोधू नका, ती वाटेतच गळते. डॉक्युमेंट म्हणून मागवा.

अनोळखी वेबसाइटवर फाइल चढवून ‘सगळी माहिती काढा’ म्हणणारे तर मला अजिबात पटत नाहीत. दोन मिनिटे वाचवायला दुसऱ्याची फाइल परक्याच्या हाती का द्यायची?

त्यापेक्षा पीडीएफच्या प्रॉपर्टीजमध्ये फॉन्टची यादी पाहा. युनिकोडपूर्वीचा एखादा जुना मराठी फॉन्ट दिसला तर मजकूर बहुधा डीटीपीच्या दुकानातून आलेला. दोन प्रतींत एकाच जागी एकच विचित्र टायपिंगची चूक असेल तर त्यांचे मूळ एक, असे मी धरतो. तारखांपेक्षा या खुणेवर माझा भरवसा जास्त.

आणि सरळ फोन करा. ‘तू केलीस का?’ असे विचारले की माणूस बिचकतो. ‘तुला कुणी पाठवली?’ विचारा, मग त्याला, मग त्याच्या आधीच्याला. मूळ सापडले की संकलकाचे नाव पहिल्या पानावरच नव्हे, प्रत्येक पानाच्या तळाशी घाला.