भाजीचं झाड खुरटलंय? फवारणीच्या आधी हे तपासा

रोपं लावून महिना उलटला तरी ती वीतभरच आहेत, खालची पानं पिवळी पडलीत, शेंडा आक्रसलाय. अशा वेळी नवख्या माणसाचा हात आधी खताच्या पिशवीकडे जातो आणि दुसऱ्या दिवशी फवारणीच्या बाटलीकडे. दोन्ही एकदम केलं की झाड सुधारलं तरी कशानं सुधारलं ते कळत नाही, आणि बिघडलं तर तेही कळत नाही. म्हणून क्रम पाळा: आधी पाणी आणि मुळं, मग ऊन, मग पानं आणि शेवटी कीड. एका वेळी एकच बदल करा आणि नवी पानं कशी येतात ते आठवडाभर पाहा. जुनं पिवळं पान सहसा परत हिरवं होत नाही, त्यामुळे त्यावरून उपाय लागू पडला की नाही ते ठरवू नका.

१. बोट मातीत घाला

वरची माती कोरडी दिसते म्हणून पाणी घालणं ही सगळ्यात सर्रास होणारी चूक. बोट दोन पेरं, म्हणजे साधारण ५ सेंमी, आत घाला. ओल लागली तर पाणी नको. कोरडं लागलं तर कुंडीच्या तळातून पाणी निथळेपर्यंत द्या. रोज थोडं थोडं शिंपडलं की मुळं वरच्या थरातच रेंगाळतात आणि एक कडक दिवस आला की झाड मान टाकतं.

मान कधी टाकतं, तेही महत्त्वाचं. दुपारी मलूल होऊन संध्याकाळी सावरणारं झाड बहुतेक वेळा ठणठणीत असतं. सकाळीच मलूल दिसलं आणि माती कोरडी असली, तर ते खरंच तहानलेलं आहे. माती ओली असूनही मलूल असेल, तर मुळांकडे बघायलाच हवं.

कुंडी आडवी करून मातीचा गोळा अलगद बाहेर काढा. निरोगी मुळं पांढरट आणि टणक असतात. सडलेली तपकिरी, बुळबुळीत असतात, कुबट वास येतो आणि चिमटीत धरून ओढली की वरची साल निसटून आत दोऱ्याएवढा तंतू उरतो. सडका भाग स्वच्छ कात्रीनं कापा, पाण्याचा निचरा होणाऱ्या नव्या मातीत लावा, थोडी पानं कमी करा आणि काही दिवस सावलीत ठेवा. निम्म्याहून जास्त मुळं गेली असतील, तर नवं रोप लावलेलं बरं.

मुळं कुंडीच्या आकारात गोल गोल गुंडाळली गेली असतील, तर जागा अपुरी पडतेय. पालेभाज्यांना १५ ते २० सेंमी खोल माती पुरते. टोमॅटो, वांगी यांना किमान ३० सेंमी लागते.

मुळांवर गाठी दिसल्या तर घाबरण्याआधी झाड कोणतं ते पाहा. घेवडा, चवळी, वाटाणा यांच्या मुळांना बाजूला चिकटलेल्या गाठी नखानं सहज सुटतात आणि फोडल्यावर आत गुलाबी दिसतात. त्या हवेतला नायट्रोजन झाडाला मिळवून देणाऱ्या जिवाणूंच्या आहेत, राहू द्या. टोमॅटो, भेंडी किंवा काकडीचं मूळच जागोजागी सुजलेलं असेल आणि गाठ वेगळी निघत नसेल, तर ते सूत्रकृमींचं, म्हणजे मुळांत शिरणाऱ्या मातीतल्या अतिसूक्ष्म किड्यांचं काम.

वाफ्यात लावलं असेल तर फूटभर खोल खड्डा खणा, पाणी भरा, जिरू द्या आणि पुन्हा भरा. दुसऱ्या वेळी तासाला २ ते ३ सेंमीसुद्धा पाणी उतरत नसेल, तर निचरा कमी आहे. कुजलेलं कंपोस्ट मिसळा आणि वाफा उंच करा. खत मात्र पूर्ण कुजलेलंच हवं. ताजं शेण किंवा कच्चा भुसा मातीत गेला, तर मुळं तरी पोळतात, नाहीतर तो भुसा कुजवताना जिवाणूच मातीतला नायट्रोजन संपवतात.

२. ऊन मोजा

फळभाज्यांना रोज ६ ते ८ तास थेट ऊन लागतं, पालेभाज्या ४ तासांतही निभावतात. लांबुडकं, फिकट, एका बाजूला झुकलेलं रोप उजेड शोधत असतं. त्याला खत घातलंत तर ते आणखी लांबेल, बळकट होणार नाही.

३. कोणती पानं बिघडलीत?

नायट्रोजन कमी पडला की झाड तो जुन्या पानांतून काढून नव्यांना देतं, त्यामुळे खालची पानं सबंध पिवळी होतात. जुन्याच पानांत शिरा हिरव्या राहून मधला भाग पिवळा पडला, तर मॅग्नेशियमकडे पाहा. असंच चित्र कोवळ्या पानांवर असेल, तर लोह मिळत नाहीये. ते बरेचदा मातीत असतंच, पण सामू (मातीची आम्लता मोजणारा pH) ७.५ च्या वर गेला की मुळांना घेता येत नाही. तिथे आणखी खत टाकून उपयोग नाही. भाज्यांसाठी सामू ६ ते ७ च्या दरम्यान असावा.

झाड हिरवंगार, डेरेदार पण फूल नाही? नायट्रोजन जास्त झालाय. अशा लुसलुशीत झाडावर मावाही, म्हणजे रस शोषणारे बारीक किडेही, आधी येतात.

टोमॅटोच्या तळाला काळा, खोलगट डाग पडतो, तो रोग नव्हे. कधी कोरडं, कधी चिंब, अशा पाण्यामुळे फळापर्यंत कॅल्शियम पोचत नाही. पाणी नियमित करा आणि मातीवर पालापाचोळ्याचं आच्छादन घाला.

काकडी-दुधीची फुलं नुसतीच गळत असतील तर फुलामागे पाहा. मागे इवलं फळ असेल ती मादी, नसेल तो नर. सुरुवातीला नरच जास्त येतात, ते गळणारच. मादीचं फळ पिवळं पडून गळत असेल तर परागीभवन होत नाहीये. फूल उमललेलं असताना नराच्या पाकळ्या काढून त्याचा परागदांडा मादीच्या मधोमध हलकेच फिरवा.

४. आता पान उलटा

बरीचशी कीड पानाच्या खाली असते, आणि फवारणारे वरूनच फवारतात. मावा कोवळ्या शेंड्यावर घोळक्यानं असतो. खालच्या पानांवर चिकट थर आणि नंतर काळी बुरशी दिसते. पांढरी माशी झाड हलवलं की उडते. पिठ्या ढेकूण देठाच्या बेचक्यात कापसासारखा. पानावर बारीक फिकट ठिपके आणि जाळी असेल, तर पांढऱ्या कागदावर पान झटका. हलणारे ठिपके म्हणजे कोळी (जाळं विणणारा घरातला कोळी नव्हे, पानाचा रस शोषणारी बारीक कीड). मिरचीची पानं वरच्या बाजूला वळत असतील तर संशय फुलकिड्यांवर (थ्रिप्स, रस शोषणारे बारीक किडे), खाली वळत असतील तर कोळ्यावर. पानात पांढरी नागमोडी रेघ म्हणजे नागअळी. तेवढं पान खुडलं की बहुतेक काम झालं. भोकं आहेत पण कीड सापडत नाही, तर रात्री टॉर्च घेऊन जा. गोगलगायी आणि अळ्या तेव्हाच जेवायला येतात.

मारण्याआधी एक ओळख करून घ्या. काळसर, लांबट, सहा पायांची, पाठीवर नारिंगी ठिपके असलेली अळी माव्यात फिरताना दिसली तर तिला हात लावू नका. ती ढालकिड्याची, म्हणजे लेडीबर्डची, अळी; मोठी होईपर्यंत शेकडो मावा खाते. फुगून तपकिरी, निश्चल झालेला मावाही तसाच राहू द्या. त्याच्या पोटात परजीवी गांधीलमाशीचं पिल्लू वाढतंय.

५. फवारणी, तीही सौम्यापासून

आधी नुसत्या पाण्याची जोरदार धार. दोन-तीन दिवस केली की मावा आणि कोळी बरेच कमी होतात. खोडावर मुंग्यांची रांग असेल तर तीही अडवा, कारण त्या चिकट रसासाठी माव्याची राखण करतात.

तेवढ्यानं भागलं नाही तर १ लिटर कोमट पाण्यात ५ मिली कडुनिंबाचं तेल आणि १ ते २ मिली सौम्य द्रवसाबण. साबण आधी पाण्यात मिसळा, नाहीतर तेल तरंगत राहतं. कपड्याचा डिटर्जंट नको, पानं करपतात. दोन पानांवर मारून एक दिवस थांबा. मग ऊन उतरल्यावर, मधमाश्या परतल्यावर, पानाच्या खालून फवारा. अंडी यातून सुटतात, म्हणून ५ ते ७ दिवसांनी पुन्हा. मिश्रण त्याच दिवशी संपवा.

अळ्या हातानं वेचणं सगळ्यात खात्रीचं. जास्त असतील तर बॅसिलस थुरिंजिएन्सिस या अळ्या मारणाऱ्या जिवाणूची पावडर, अळ्या लहान असतानाच. ती पोटात गेली तरच काम करते, आणि मावा पान खात नाही, रस शोषतो, म्हणून त्याच्यावर तिचा उपयोग नाही.

६. कधी उपटायचं

पानं आक्रसून, चट्टेरी होऊन वाढ खुंटली आणि कीड जाऊनही नवी पानं तशीच आली, तर विषाणू आहे. त्यावर औषध नाही. झाड उपटून बंद पिशवीत टाका, कंपोस्टमध्ये नको. सूत्रकृमी निघालेल्या वाफ्यातली मुळं वेचून काढा, माती भिजवा आणि कडक उन्हाच्या दिवसांत त्यावर पारदर्शक प्लास्टिक ४ ते ६ आठवडे कडा दाबून अंथरा. टोमॅटो, मिरची, वांगी, बटाटा एकाच कुळातले. यांतलं काही मेलं तर त्या जागी लगेच दुसरं लावू नका. एखादं वर्ष तिथे कांदा किंवा लसूण घ्या.